चौतिसावी पट्टी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात एक चमचा घसरला. टिंग.

एरवी चमचा घसरल्याची दखल कोणी घेत नाही. पण चार वर्षांचं मूल नुकतंच झोपलेल्या घरात त्याची तोफ होते. सासूबाईंनी पेपरचं पान उलटता उलटता हवेतच धरून ठेवलं. मी एका पायावर उभी राहिले, कारण दुसरा पाय ठेवायच्या जागी एक रबरी बदक होतं आणि ते दाबलं की ओरडतं. आतल्या खोलीतून काही चाहूल आली नाही. आमची ठकी दुपारी गाढ झोपते, असं आम्ही सगळे धरून चालतो. सासूबाईंनी पान खाली ठेवलं, मी पाय खाली ठेवला, आणि माझ्याच घरातल्या पियानोकडे चोरासारखी गेले.

मला दिवसातून पंचवीस मिनिटं मिळतात. त्यातली दोन बदकात गेली होती. मी मखमली गादीच्या स्टुलावर बसले, झाकण उघडलं, आवाज दबवणारं पेडल दाबलं आणि लहानपणी बाईंनी शिकवलेला एक संथ तुकडा सुरू केला. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत डावा हात एका पट्टीवर आला आणि झर्रर्र. काचेच्या बरणीत गांधीलमाशी अडकावी, तसा आवाज.

मी थांबले. उठले. आत जाऊन पाहिलं. ठकी डोळे गच्च मिटून पडली होती. उठू नये म्हणून मी तिच्या शेजारी आडवी झाले, तिचा हात माझ्या गळ्यात आला आणि उरलेली एकोणीस मिनिटं तिथं गेली. हा सलग सहावा दिवस.

पियानो माझा म्हणजे अजून पुरता माझा नव्हता. तो बाईंचा. बाईंनी मला आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत शिकवलं आणि जाताना मागं एक चिठ्ठी ठेवली: 'वाजवणार असशील तर पियानो तुझा. त्यावर कपडे वाळत घालणार असशील तर संगीतशाळेचा.' बाई अशाच होत्या. त्यांनी चुकून कोणाला बरं म्हटलं, तर ती मुलगी आठवडाभर जमिनीवरून चालत नसे. चिठ्ठीची अंमलबजावणी होती त्यांच्या सख्ख्या बहिणीकडे. त्यांना आम्ही धाकट्या बाई म्हणायचो, वय पंचाहत्तर. पियानो घरी येऊन दोन महिने झाले की त्या येणार, ऐकणार आणि ठरवणार. दोन महिने येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता भरत होते. संगीतशाळेनं टेम्पो सांगून ठेवलाय, अशी पक्की खबर होती.

आणि पियानो काही ऐरागैरा नव्हे. झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत बनवणाऱ्यांचं नाव आहे. ते इथं देत नाही, कारण आमच्या इमारतीत आजवर ते कोणालाच उच्चारता आलेलं नाही. सासूबाई 'ते सोनेरीवाले' म्हणतात, तेच घरात रूढ झालंय. सोबत एक पिवळी पडलेली पुस्तिका आली होती, तिच्यात सोनेरीवाल्यांच्या तीन पिढ्यांची हकिकत आहे. मूळ पुरुष सुतार. फळी विकत घ्यायच्या आधी तो तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा आणि फळीनं नीट ओ दिली नाही तर पुढं चालू लागायचा. पियानोच्या पोटात तारांच्या मागे एक मोठी पातळ फळी असते. सगळा आवाज म्हणजे खरं तर तिचा आवाज. त्या फळीसाठी उंच डोंगरावरचं, थंडीत रडतखडत वाढलेलं झाड लागतं, कारण सावकाश वाढलेल्या लाकडाच्या रेषा दाट असतात. ते कापायचं आणि दहा वर्षं नुसतं वाळत ठेवायचं. वर्षाला पियानो फक्त चाळीस. एकदा एका बड्या दुकानानं दोनशेंची मागणी केली, तेव्हा सुताराच्या नातवानं उलट टपाली कळवलं की आमची हरकत नाही, पण झाडं ऐकत नाहीत.

"दहा वर्षं वाळवायचं?" नवरा म्हणाला. "आपल्या बिल्डरनं दारं बसवली तेव्हा त्यांवर पाखरं बसलेली होती."

हसा, पण आवाज ऐकला की हसू थांबतं. खालचे सूर एखाद्या म्हाताऱ्या माणसानं घसा न खाकरता बोलावं तसे आहेत. वरचे स्वच्छ आहेत, पण बोचत नाहीत. दुसऱ्या पियानोंवर सूर वाजतो आणि संपतो. यावर तो वाजतो, खोलीत थोडा वेळ बसतो, मग उठून जातो. जाताना दार ओढून घेतो, आपटत नाही. मी आठ वर्षांची असताना एकच पट्टी दाबून तो कुठवर जातो ते ऐकत बसायचे आणि बाई म्हणायच्या, पुढची पण दाब, तिलाही जायचंय.

तर असा हा पियानो, आणि त्याची एक पट्टी झर्रर्र.

नवऱ्यानं डावीकडून मोजून ती चौतिसावी असल्याचं जाहीर केलं आणि ओळखायला तिच्यावर ठकीच्या वहीतलं एक ससा असलेलं स्टिकर चिकटवलं. तो इंजिनिअर आहे. कुठल्याही संकटात आधी क्रमांक द्यायचा, अशी त्याची शिकवण आहे. मग त्यानं फोनवर एक ॲप घेतलं, त्यावर हिरवी रेघ थरथरत होती. ती थरथरते म्हणजे काय, ते ॲपनंही सांगितलं नाही.

सासूबाईंचं मत पडलं की त्याला गार लागतंय. त्यांच्या घरात आजवर उघडी वस्तू राहिलेली नाही. फ्रीजला टोपी आहे, मिक्सरला झबलं आहे. त्यांनी बेडरूमचे जुने पडदे उसवून दोन दिवसांत पियानोला जमिनीपर्यंत झूल शिवली, वर झालर. मूळ पुरुषानं पाहिलं असतं तर पुन्हा सुतारकामाला लागला असता. पियानो फोटोला बसलेल्या बाळासारखा दिसत होता, आणि सासूबाई त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मोडायची माझी छाती नव्हती.

समोरच्या काकूंना भिंतीतून सगळं ऐकू येतं. त्यांचं म्हणणं, बाकीचं वाजवणं त्यांना कळत नाही, पण तो झर्रर्र मात्र मनाला भिडतो. तरी नकोच असेल, तर चारही कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाक. मी टाकल्या. आता झर्रर्रला वासही येऊ लागला. मग त्यांनी आठवण काढली की त्यांच्या दिरांचा फ्रीज असाच कुरकुरायचा आणि एका पायाखाली पुठ्ठा घातल्यावर जन्मात बोलला नाही. पुठ्ठा घालायला पियानो उचलावा लागतो, आणि पियानो उचलायला सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते.

सेक्रेटरींचं आणि आमचं पियानो आला त्या दिवसापासूनच बिनसलं होतं. जड वस्तू वर आणायच्या अर्जात तीनच रकाने आहेत: फर्निचर, यंत्र, पाण्याची टाकी. मी फर्निचरवर खूण केली. ते स्वतः वर आले, एक पट्टी दाबली आणि म्हणाले, फर्निचरला आवाज नसतो. खूण यंत्रावर गेली. यंत्र म्हटलं की वायरमनचा दाखला. वायरमननं पियानोला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि लिहून दिलं, 'सदर यंत्रास वायर आढळली नाही, सबब धोका नाही.' तो कागद परत आला. शेरा होता, 'वायर नसल्यास यंत्र कशाने चालते याचा खुलासा व्हावा.' मी खुलासा केला, 'बोटांनी.' फाइल तेव्हापासून विचाराधीन आहे, आणि आता झर्रर्रबद्दल विचारायला गेले तर सेक्रेटरी म्हणाले की ज्या वस्तूची नोंदच नाही, तिच्या तक्रारीची नोंद मी कुठं करू?

शेवटी शुक्रवारी मी कानवाल्यांना फोन केला. हे पियानो जुळवणारे गृहस्थ. गावात एकटेच, त्यामुळे भाव फार. आधी त्यांना पुढच्या महिन्यापर्यंत वेळच नव्हता. मग पियानो कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी सोनेरी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. अर्ध्या तासात ते दारात होते.

त्यांनी झूल दोन बोटांच्या चिमटीत धरून बाजूला केली. सासूबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी हात धुतले, पुसले, आणि पिशवीतून स्वतःचं घडीचं स्टूल काढलं. मी माझं देऊ केलं तर म्हणाले, "नको. पियानोचं काम माझं, स्टूल सुताराचं. तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या स्टुलाला हात लावलेला नाही." हे त्यांनी व्रत सांगावं तसं सांगितलं, आणि मीही ते भक्तिभावानं ऐकून घेतलं. पुढं जे रामायण घडलं त्याचं मूळ इथं आहे.

पुढची फळी काढून त्यांनी आत टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. त्या दहा वर्षं वाळलेल्या लाकडावर, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीची बारीक सही होती. शेजारी तारीख. नव्वद वर्षांपूर्वीची.

"मालकाची नाही," कानवाले म्हणाले. "ज्यानं याला आवाज दिला त्याची. हातोडीला लोकरीचा नमदा असतो. त्यात सुई टोचायची, वाजवायचं, ऐकायचं. परत टोचायचं. एक टोचा कमी झाला तर सूर कर्कश, एक जास्त झाला तर मेला. आठवडाभर तो माणूस दुसरं काही करत नाही. आणि मग कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी सही करतो." त्यांनी एक सूर वाजवला आणि डोळे मिटले. "गोडवा आहे. पण साखरेचा नाही, बेदाण्याचा. आधी ऊन खाल्लेला."

मला रडू येईल की काय, असं वाटलं. नवऱ्यानं विचारलं, आणि चौतिसावीचं काय?

कानवाल्यांनी ससा दाबला. स्वच्छ. पुन्हा दाबला. स्वच्छ. जोरात, हळू, पेडल घेऊन, न घेता. सूर आला, बसला, उठून गेला. मग सगळं परत लावून, आपलं स्टूल बाजूला घेऊन त्यांनी मला वाजवायला सांगितलं. मी माझं स्टूल ओढलं, बसले, दाबली. झर्रर्र. मी उठले, ते त्यांच्या स्टुलावर बसले. स्वच्छ. ते उठले, मी बसले. झर्रर्र.

"म्हणजे दोष हिच्या बोटांत आहे," नवरा म्हणाला. शास्त्रीय निष्कर्ष काढताना त्याला बायको दिसत नाही.

ठकी दारात उभी राहून, तोंडात बोट घालून हे सगळं बघत होती. एरवी ती प्रश्नांनी भंडावून सोडते: मुंगीला गुडघे असतात का, काल कुठे ठेवतात. त्या दिवशी चकार शब्द नाही. मला वाटलं, कलेचा संस्कार होतोय.

कानवाल्यांनी डोळे मिटून माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. पियानो ठणठणीत आहे. झणझणतंय ते घर. कुठलीतरी सैल काच, एखादं झाकण, एखादी खिळ्यावरची फ्रेम या एकाच सुराला ओ देते आहे. मग त्यांचा हात असताना का देत नाही, असं मी विचारलं. "माझा हात मोकळा पडतो," ते म्हणाले आणि शब्द शोधत माझ्या बोटांकडे पाहिलं. "तुमचा जरा... संसारी आहे." उपाय एकच: खोलीतली एकेक वस्तू बाहेर काढायची, प्रत्येकीनंतर तीच पट्टी वाजवायची, आणि ज्या वस्तूनंतर आवाज थांबेल तीच चोर.

संसारी हातानं मी शनिवारी चाळीस पोळ्या लाटल्या, बादलीभर कपड्यांच्या घड्या घातल्या आणि अपमान गिळला.

रविवारी सकाळी आठला मोहीम सुरू झाली. मी स्टुलावर. नवरा हमाल. शोकेसमधले पेले गेले. झर्रर्र. शोकेसच गेली. झर्रर्र. घड्याळ, फोटो, टीव्ही, टीव्हीखालचं टेबल, टेबलाखाली तीन वर्षं शोधत असलेला रिमोट. झर्रर्र. काकू मदतीला आल्या आणि मदत म्हणून जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये ठेवलेल्या आमच्या सोफ्यावर बसून, काय कुठं ठेवायचं ते सांगू लागल्या. ठकीच्या खेळण्यांची टोपली गेली. त्या टोपलीत तिचा खजिन्याचा पत्र्याचा डबा नव्हता, हे माझ्या लक्षात आलं; पण डबा हरवला तर ठकी घर डोक्यावर घेते, आणि ती तर गप्प होती, म्हणजे असेल कुठंतरी. पडद्यांच्या कड्या गेल्या. कुंडी गेली. नवऱ्यानं सासूबाईंच्या चष्म्याकडे बघितलं. "मलाच बाहेर ठेवा," असं म्हणून त्या झूल काखेत मारून उठल्या आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या.

दहाला सेक्रेटरी आले. सामाईक जागेत सामान ठेवण्यास मनाई असल्याची नोटीस त्यांना लावायची होती, पण भिंत आमच्या कपाटामागे गेली होती. त्यांनी ती कपाटावरच लावली. मग काकूंनी त्यांना बसायला सांगितलं, आणि आमच्याच खुर्चीत बसून त्यांनी आमच्याविरुद्धचा अहवाल लिहायला घेतला. कानवालेही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. राहवेना म्हणाले.

पावणेअकराला खोलीत चार भिंती, पंखा, पियानो आणि मी एवढंच उरलं. मी चौतिसावी दाबली.

झर्रर्र.

नवरा पंख्याकडे बघत स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेला. मी त्या रिकाम्या खोलीत बसून राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच ती खोली अशी रिकामी दिसत होती आणि मला वाटलं, टेम्पो येणार, हाही बाहेर जाणार, आणि मग आपण सगळं सामान परत आत आणणार. पंचवीस मिनिटांची तेवढी जागा भरून जाईल. कोणाला कळणारही नाही की इथं काही होतं. बाई असत्या तर त्यांनी पट्टी बघितली नसती, माझ्याकडे बघितलं असतं.

अकराच्या ठोक्याला धाकट्या बाई जिना चढून आल्या. पॅसेजमधल्या सोफ्यावर सासूबाई आणि काकू, खुर्चीत सेक्रेटरी बसलेले, शेजारी टीव्ही, कुंडी, घड्याळ चालू. काकूंनी त्यांना या, बसा म्हटलं आणि पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी नोटीस वाचली आणि आत येऊन म्हणाल्या, "दिवाणखाना बाहेर आणि पियानो आत. पद्धत चांगली आहे."

त्यांच्या हातात एक लिफाफा होता. संगीतशाळेचं पत्र. फक्त सही व्हायची होती.

"रोज किती वाजवतेस?"

तासभर म्हणायचं मी आठवडाभर घोकलं होतं. "पंचवीस मिनिटं," मी म्हणाले. "ठकी झोपते तेव्हा. त्यातलीही सगळी नाही."

त्या वाजव म्हणाल्या. दारात सगळे जमले. मी पहिली ओळ वाजवली. रिकाम्या खोलीत तो आवाज असा भरला की काकूसुद्धा गप्प झाल्या. दुसरी ओळ आली, डावा हात आला, आणि झर्रर्र.

मी थांबले. गरीब सशाकडे बघत बसले.

"ऊठ," धाकट्या बाई म्हणाल्या. "उभ्यानं वाजव."

मी उभी राहिले आणि दाबली. स्वच्छ. सूर आला, बसला, उठून गेला, दार ओढून घेतलं.

"बस." झर्रर्र. "ऊठ." स्वच्छ.

त्यांनी दारातल्या गर्दीवर एक नजर फिरवली. ती कानवाल्यांवर थांबली. "कान आहेत," त्या म्हणाल्या. "डोळे कुठं ठेवलेत?" कानवाल्यांनी स्टुलाला हात न लावण्याच्या व्रताबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मध्येच ते त्या स्टुलाकडे बघू लागले.

धाकट्या बाईंनी मला बाजूला केलं आणि स्टुलाची मखमली गादी झाकणासारखी वर उचलली. तिच्याखाली वह्या ठेवायची पेटी असते. बाईंच्या वह्या मी पहिल्याच दिवशी काढून कपाटात लावल्या होत्या, त्यानंतर ती उघडली नव्हती. आत ठकीचा पत्र्याचा डबा होता. उभा ठेवलेला. मी बसले की गादी दबायची, डब्याच्या झाकणाला जेमतेम टेकायची, आणि डब्यातली बटणं, शिट्टी, एक चावी आणि सतरा मणी चौतिसाव्या पट्टीला ओ द्यायचे.

तीन तास आम्ही घर उपसलं. फक्त ज्यावर मी बसले होते तेवढंच काढलं नाही, कारण त्यावर बसल्याशिवाय तपासणार कसं? काखेत कळसा म्हणतात. आमचा तर बुडाखाली होता.

दारातले सगळे हसायला लागले. सेक्रेटरीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, तरी मी म्हणत होते, त्या स्टुलालाही काहीतरी शिवायला हवं. मीही हसत ठकीला जवळ घेतलं आणि विचारलं, डबा ठेवायला दुसरी जागा नाही सापडली का गं?

"मी ठेवला," ठकी म्हणाली. "तो वाजला की तू थांबतेस. मग तू येऊन माझ्याजवळ झोपतेस."

हसणं एकेक करून थांबलं.

म्हणजे दुपारी कोणी झोपत नव्हतं. डोळे गच्च मिटून ती दुसऱ्या ओळीची वाट बघत पडलेली असायची. सोनेरीवाल्यांच्या तीन पिढ्या, दहा वर्षं वाळलेलं लाकूड, आठवडाभर सुई टोचणारा तो सहीवाला, एवढ्या सगळ्यांना चार वर्षांच्या मुलीनं सतरा मण्यांत थांबवलं होतं. मला कळेना, रागवायचं कोणावर.

धाकट्या बाईंनी डबा काढून ठकीच्या हातात दिला. मग स्टुलाकडे बोट केलं. "दोघी मावतात त्यावर. ताईच्या शेजारी आम्ही कायम कोणी ना कोणी असायचो. या पियानोवर तिनं एकही तुकडा सलग पुरा केल्याचं मला आठवत नाही. कोणीतरी चुकायचं, कोणीतरी दारावरची बेल वाजवायचं. मग ती पहिल्यापासून धरायची." त्या पंख्याखाली, मधोमध, काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "धर पहिल्यापासून."

ठकी डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली. मी पहिली ओळ वाजवली. दुसरी ओळ आली, डावा हात आला, आणि काहीही झर्रर्र न होता मी आपोआप थांबले. आठवड्याची सवय. ठकीनं माझ्याकडे पाहिलं, मग ससा स्वतःच्या बोटानं दाबला. मी तिथून पुढं गेले. कुठंकुठं चुकले. पण शेवटपर्यंत गेले, आणि शेवटचा सूर त्या रिकाम्या खोलीत जरा जास्तच वेळ बसला. आम्ही सगळे त्याच्या जाण्याची वाट बघत राहिलो.

मग धाकट्या बाईंनी तो लिफाफा, सही न करता, चार घड्या घालून ठकीसमोर धरला. "हा तुझ्या डब्यात ठेव. आणि डबा कपाटात." बाहेर जाऊन त्या आमच्या सोफ्यावर बसल्या आणि काकूंना म्हणाल्या, चहा असेल तर चालेल.

ठकीनं लिफाफा मण्यांवर दाबून बसवला, झाकण लावलं आणि ते नीट लागलंय ना ते डबा कानाशी हलवून पाहिलं. मग तिनं ससा पुन्हा दाबला आणि बोट तसंच ठेवून मान वर केली. सूर अजून पुरता गेला नव्हता.

"आई, तू वाजवतेस तेव्हा कुठे जातेस?"